मांजरीला रेती, रोपाला बोराटी

रोहिण्या तोंडावर आल्या की गटातल्या बायका मला दोनच गोष्टी विचारतात. मिरचीचं बी उरलं का, आणि वाफ्यात मांजर जाते तिचं काय करू. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं रस्त्यात उभ्या-उभ्या देता येत नाही, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवते.

मी अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरची शेती कपाशीची, तुरीची, आणि थोडी संत्र्याची झाडं. घरामागच्या आवारात मी दरवर्षी वांगी, मिरची आणि भेदरांची (टमाट्यांची) रोपं करते. काही आमच्याच धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) लागतात, बरीचशी गटातल्या बायका नेतात, उरलेली बाजाराच्या दिवशी विकते. पावसाळ्याच्या तोंडाशी घरात जो थोडा पैसा माझ्या हातात येतो तो या वाफ्यांचा, त्यामुळं एकेका रोपाकडं माझं लक्ष असतं. आणि घरात मांजरी आहेत. चिमी, आणि तिची पोरगी गोटी.

मांजरी कशाला ठेवता, पोत्यात घालून नदीपल्याड सोडून द्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्यांच्या घरात कापूस भरलेला नसतो ते असं सांगतात. भाव वाढेल या आशेवर आमच्याकडं कापूस होळीपर्यंत घरात असतो, कधी त्याच्याही पुढं. एक खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, बाजूच्या खोलीत तुरीची पोती. त्यात उंदीर शिरला की सरकी फोडतो, पोती कुरतडतो, आणि उंदराच्या वासावर साप येतो. चिमी आल्यापासून माझ्या घरात उंदराचं औषध आलेलं नाही. तिनं पिल्लंही त्या कापसातच घातली होती, अगदी कोपऱ्यात, भिंतीला लागून. कापूस गाडीत भरायला आलेल्या माणसांनी सगळी खोली रिकामी केली आणि तेवढा कोपरा तसाच ठेवला. मी पिल्लं टोपल्यात घालून हलवली तेव्हा कुठं त्यांनी तो उचलला. त्या पिल्लांतली ही गोटी.

तेव्हा मांजरही राहणार आणि वाफाही राहणार. पुढचं सगळं हे धरून आहे.

मांजर वाफ्यात का येते ते आधी पाहू. आपली माती काळी, चिकण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरचं ढेकूळ कुदळीशिवाय फुटत नाही. पावसाळ्यात तीच पायाला अशी धरते की चप्पल उचलवत नाही. अशा जमिनीत मांजरीला उकरता येत नाही, आणि उकरल्याशिवाय तिचं भागत नाही. घरच्या मांजराचं मूळ आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातल्या रानमांजरात आहे. खड्डा करायचा, त्यात बसायचं, वरून माती ओढायची, हे तिच्या रक्तातच आहे. इकडं आपण काय करतो, तर आवारात एका जागी माती खणतो, ढेकळं फोडतो, कुजलेलं शेणखत चाळून घालतो, वरून रेती मिसळतो आणि ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच असा गादीवाफा करून हातानं सारखा करतो. पूर्ण आवारात तेवढी एकच जागा भुसभुशीत असते. मांजर बरोबर तिथंच येणार.

आमच्या आत्याबाई म्हणायच्या, "थे मांजर काही वांग्याची दुश्मन नाही. तिले मऊ माती पायजे. तू तिले दुसरीकडं दे, मंग पाय." मी आजवर जे काही करत आले त्याचं मूळ एवढ्यात आहे.

मे महिन्यात आणखी एक कारण असतं. आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, नवतप्यात, म्हणजे सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, तर दुपारी आवारात पाय ठेववत नाही. अशा वेळी सकाळी पाणी दिलेला वाफा हा घराबाहेरचा सगळ्यात थंड तुकडा असतो. तेव्हा मांजर उकरायला येत नाही, पोट टेकून लोळायला येते. दोन्हीतला फरक ओळखता आला पाहिजे, कारण उपाय वेगळा आहे. उकरलेल्या जागी खड्डा आणि त्यावर ओढलेल्या मातीचा उंचवटा दिसतो. लोळलेल्या जागी माती दबून गुळगुळीत झालेली असते आणि रोपं एकाच बाजूला झोपलेली असतात, मुळं मात्र जमिनीतच असतात. लोळणाऱ्या मांजरीसाठी मी घडवंचीखाली, जिथं माठाचं पाणी ठिबकतं, तिथं जुनं पोतं ओलं करून टाकते. सावली आहे, ओल आहे, वर माणसांची ये-जा आहे. चिमी दुपारी तिथून हलत नाही.

आणि खरं सांगायचं तर वाफ्यातलं निम्मं नुकसान मांजरीचं नसतंच. रोपं आडवी दिसली की पहिला आळ मांजरीवर येतो, म्हणून आधी खाली बसून नीट पाहावं. कोंबडी दोन्ही पायांनी मागं माती फेकते, त्यामुळं खड्डा उथळ आणि पसरट असतो आणि गवत-पाला वाफ्याबाहेर उडालेला असतो. खार किंवा उंदीर बी काढतो. बारीक भोकं दिसतात आणि बाजूला टरफलं पडलेली असतात. घुशीनं केलं असेल तर वाफा पोकळ होऊन एका बाजूनं खचतो. रोप मातीच्या बरोबरीनं कापून तिथंच पडलेलं असेल तर ती कुरतडणारी अळी. सकाळी लवकर त्या रोपाभोवतीची माती बोटानं हलवली की गोल झालेली सापडते. पाऊस सुरू झाल्यावर वाणी (पुष्कळ पायांचे लांबट किडे) निघतात, त्या रात्री कोवळी रोपं खातात आणि दिवसा काडीकचऱ्याखाली दडून राहतात. आणि काहीच उकरलेलं नाही, कापलेलं नाही, पण रोपं बुडातून मऊ होऊन कोलमडताहेत, तर तो बुरशीचा रोग. तिथं पाणी कमी करायचं आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायचं. मांजरीची खूण यांतल्या कशासारखीही नसते. एकच खड्डा, लांबट, त्यावर ओढलेली माती, आणि भोवती पंज्यांचे सरळ ओरखडे. ओरखडे ज्या बाजूनं आले त्या बाजूची रोपं मुळासकट वर आलेली असतात.

आता तिच्या जागेबद्दल. हे मी सविस्तर सांगणार आहे, कारण बाकीचे सगळे उपाय याच्या नंतरचे.

घरकुलाचं काम झालेल्या कुठल्याही घरापुढं उरलेल्या रेतीचा ढीग पडलेला असतो. दोन दिवस त्याच्याकडं लक्ष ठेवा. अर्ध्या गावाच्या मांजरी तिथं येऊन जातात. त्यांना काय आवडतं हे त्यांनीच दाखवून दिलेलं आहे. मी न्हाणीच्या मागं, विहिरीपासून लांब, साधारण ३ फूट लांब आणि २ फूट रुंद जागा वीतभर खोल खणून घेतली, काळी माती काढून टाकली आणि तिथं रेती भरली. वरून चुलीची चाळलेली राख मिसळते. राखेनं वास दबतो आणि माशा कमी होतात. (राख जास्त झाली म्हणून ती वाफ्यात टाकू नका. आपली काळी माती आधीच खारवट बाजूची असते, राखेनं ती आणखी तिकडं झुकते आणि कोवळ्या रोपाला ते मानवत नाही.) वर चार बल्ल्यांवर जुना टिन टाकलेला आहे, कारण पावसात ही रेती भिजली की मांजर तिकडं पाठ फिरवते आणि पुन्हा वाफा शोधते. पावसाळ्यात वाफ्यांचं नुकसान वाढतं त्याचं हेच कारण असतं. मांजर तीच असते, तिची जागा भिजलेली असते.

ही जागा वाफा करायच्या आठ-दहा दिवस आधी तयार पाहिजे. वाफा झाल्यावर केली तर ती वाफ्याची सवय मोडत नाही. सुरुवातीला तिची विष्ठा जिथं सापडेल तिथून खुरप्यानं उचलून नव्या रेतीत थोडी पुरायची. त्या वासावर ती स्वतःहून येते. धरून आणून तिथं बसवायचं नाही, जबरदस्ती केलेल्या जागी मांजर पुन्हा जात नाही. एकदा लागली की रोज सकाळी घाण काढायची. घाणेरड्या जागी ती पाय ठेवत नाही, आणि मग आपण म्हणतो, जागा करून दिली तरी ऐकत नाही. घरात जितक्या मांजरी, त्यापेक्षा एक जागा जास्त, असं जनावरांचे डॉक्टर सांगतात. माझ्याकडं एक मोठा खड्डा आणि कोठ्यामागं (गोठ्यामागं) दोन फुटक्या घमेल्यांतली रेती, एवढ्यावर भागतं.

या जागेवर मांजर टिकवायला मी एका तणाची मदत घेते. आवारात, उकिरड्याच्या कडेनं, वाफ्यांतही खोकली नावाचं तण उगवतं. टोकदार, दातेरी पानं आणि कणसासारखा हिरवा तुरा असलेलं. याचं मूळ उपटलं की त्याच्या वासानं मांजरी वेड्या होतात, त्यावर गाल घासतात, लोळतात, मुळी चावतात. निंदताना आपण ते उपटून वाफ्याच्या कडेलाच टाकतो आणि उठून जातो, आणि तासाभरात वांग्याची ओळ सपाट झालेली असते. म्हणून खोकली निघाली की ती लगेच गोळा करायची आणि मुळासकट न्हाणीमागच्या रेतीजवळ नेऊन टाकायची. वाफ्यावरचं संकटही जातं आणि मांजर हव्या त्या जागी जाते. असंच मासळीच्या पाण्याचं. बाजारातून आणलेले सुके बोंबील धुतले की ते पाणी झाडांना चांगलं म्हणून काही जणी मिरचीच्या वाफ्यात ओततात. त्या वासानं मांजर नक्की उकरणार. ते पाणी संत्र्याच्या किंवा लिंबाच्या मोठ्या झाडाला द्या.

इतकं केल्यावर वाफ्याची राखण सोपी होते, पण ती करावीच लागते. वांगं आठवड्याभरात वर येतं, मिरचीला दहा-बारा दिवस लागतात, आणि लावणीजोगं व्हायला पाच-सहा आठवडे. बी टाकल्यावर उगवेपर्यंत वाफ्यावर गवत अंथरतो, तेव्हा काळजी नसते. बी तडकून वर आलं की गवत त्याच दिवशी काढावं लागतं, नाही तर रोपं उंच आणि लेची होतात. मांजरीला वाफा उघडा मिळतो तो नेमका तेव्हा. म्हणून गवत काढायच्या आधी बोराटी तोडून ठेवलेली पाहिजे. बोरीच्या काटेरी फांद्या, बारीक, हिरव्या, एकमेकींवर तिरप्या ठेवल्या की ऊन आणि पाणी खाली जातं आणि मांजरीचा पंजा टेकत नाही. काट्यानं तिला इजा होत नाही. ती एकदा पाय ठेवते, उचलते, झटकते आणि निघून जाते. बाभळीचे काटे मात्र मी वापरत नाही. ते लांब आणि टणक असतात, मातीत राहून जातात आणि लावणीच्या वेळी माणसाच्याच पायात मोडतात. घरात लहान लेकरं असतील तर बोराटीही नको, त्यांच्यासाठी तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, आहेत.

तुऱ्हाट्या रोवण्यात एक गोष्ट सांभाळायची. मांजर बसण्याआधी जागा हुंगते, उकरते, गोल फिरते, मग बसते. तिला फिरायला मिळालं नाही की ती बसत नाही. म्हणून काड्यांमधलं अंतर महत्त्वाचं. वीतभर लांबीचे तुकडे करून चार-चार बोटांवर रोवले तर तिला अंग वळवता येत नाही. हातभर अंतरावर रोवल्या तर त्या काड्यांचा काही उपयोग नाही, उलट गोटीसारखं तरणं मांजर त्यांच्यामधून पळापळी खेळतं. पऱ्हाट्याही (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) चालतात, पण गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीतल्या वाळलेल्या बोंडांत राहते, म्हणून मी गेल्या हंगामाची पऱ्हाटी आवारात साठवतच नाही. पऱ्हाटी घ्यायची झाली तर बोंडं पूर्ण झाडून घ्या.

वाफ्यात आच्छादन म्हणून कुटार (मळणीनंतरचा भुसा) टाकू नका. सोयाबीनचं असो की हरभऱ्याचं, ते मऊ असतं आणि मांजर त्यात घर करून बसते. गव्हांडा (गव्हाचा भुसा) जरा बरा, पण तोही जाड पसरावा लागतो.

ज्यांना विकायला रोपं करायची आहेत त्यांनी जाळीचा खर्च करावाच. मी ठिबकच्या जुन्या नळीत तार घालून कमानी करते आणि त्यावर ४० मेशची कीटकरोधक नायलॉन जाळी ताणते. मांजर तर थांबतेच, शिवाय पांढरी माशीही आत जात नाही, आणि मिरचीची पानं आकसवणाऱ्या चुरडा-मुरड्याचा विषाणू पांढऱ्या माशीनं पसरतो. रोपवाटिकेतच रोप वाचलं तर पुढं शेतात अर्धी लढाई कमी होते. पण जाळी ढिली राहिली तर तिच्यात झोळी होते आणि मांजर त्या झोळीत झोपते. खालची रोपं तिच्या वजनानं बसतात. कमानी दोन-दोन फुटांवर घ्या, जाळी चारही बाजूंनी ओढून तिच्या कडा मातीत दाबा. जुनी मच्छरदाणी लावू नका. तिची भोकं सैल असतात, नखं अडकतात. गोटी लहान असताना शेजारच्या आवारातल्या मच्छरदाणीत अडकली होती. नख सोडवायला दोघींनी तिला पंच्यात गुंडाळून धरलं, एकेक धागा कात्रीनं कापला, तेव्हा ती सुटली.

भोपळा, दोडका, कारलं यांचं एकेक रोप असतं, त्याला एवढं काही लागत नाही. बुरडानं विणलेलं कोंबड्यांचं जुनं डालं पालथं घातलं आणि वर दगड ठेवला की झालं. ऊन आत येतं, वारा लागतो. वेल डाल्याला टेकला की डालं काढायचं.

आता जे करू नये ते. हे कळकळीनं लिहिते, कारण गावात हे सर्रास चालतं.

वाफ्याभोवती फिनाईल ओतू नका. मांजर त्यावरून चालते, मग बसून पंजे चाटते. तिच्या यकृतात असे फिनॉलचे पदार्थ निकामी करायची ताकद फार कमी असते, माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मानानं पुष्कळच कमी. थोडंसं पोटात गेलं तरी ते तिला बाधतं. डांबर गोळ्याही तशाच, त्यांनी तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिवाय त्या गोळ्या आपण भाजीच्या मातीत टाकतो आहोत याचाही विचार करा. तिखट टाकायचा सल्ला सगळेच देतात. पाणी दिलं की ते वाहून जातं, आणि वाहून जाण्याआधी मांजरीच्या डोळ्यांत जातं. मला हा उपाय क्रूर वाटतो, आणि त्याचा फायदाही मी कुठं पाहिला नाही.

आणि फोरेट. सगळे त्याला थायमेट म्हणतात. दाणेदार औषध, उग्र वास. ते कपाशीसाठी आणलेलं उरलं की वाफ्याच्या कडेनं टाकायची पद्धत होती, मांजर-कुत्रं येत नाही म्हणून. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानं ३१ डिसेंबर २०२० नंतर ते बंद झालं. तरी कोणाच्या कोठ्यात जुना डबा पडलेला असू शकतो. हे विष मांजरालाच नाही, वाफ्यात हात घालणाऱ्या बाईलाही तितकंच घातक आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते आपण सगळ्यांनी जवळून पाहिलं. ज्या आवारात लेकरं खेळतात आणि सांबार (कोथिंबीर) तोडून तसाच वरणावर टाकतात, तिथं असलं औषध येताच कामा नये.

संत्र्याच्या सालीबद्दल विचारतात. मांजरीला तो वास आवडत नाही हे खरं आहे. आंबिया बहाराची संत्री निघतात त्या दिवसांत, हिवाळ्यातल्या मेथी-सांबाराच्या वाफ्यांवर मी साली टाकते आणि ताज्या असेपर्यंत त्या काम करतात. दोन-तीन दिवसांत वाळल्या की वास गेला, पुन्हा टाका. घरात संत्री आहेत तोवर ठीक. रोहिणीत मात्र साल मिळत नाही, त्यामुळं पावसाळी वाफ्यांसाठी या उपायावर विसंबू नये.

इतकं करूनही कधी एखादी ओळ उकरली जाते. सकाळी लवकर पाहिलंत तर बरीच रोपं वाचतात. वर आलेलं रोप देठाला धरू नका, पानाला धरा. देठ दबला तर ते जगत नाही, पान गेलं तर दुसरं येतं. मुळं ओल्या फडक्यात ठेवा, खड्ड्यातली घाण आणि तिच्याभोवतीची माती काढून टाका, नवी माती भरा आणि चमच्याच्या दांड्यानं भोक करून रोप पहिल्यापेक्षा थोडं खोल लावा. पाणी द्या, दोन दिवस सावली करा. वांगं आणि भेदर सहज लागतं, मिरची जरा रुसते. मेथी, सांबार, मुळा यांच्या मागं लागू नका, त्यांचं सोटमूळ हललं की ते पुन्हा धरत नाही. तिथं नवं बी टाकणं सोपं. जिथं मांजरीनं लघवी केली तिथली रोपं दोन दिवसांत करपल्यासारखी पिवळी पडतात. लक्षात आल्याबरोबर भरपूर पाणी ओतून ती खाली धुऊन काढायची.

घाण काढून टाका म्हणते ते केवळ स्वच्छतेसाठी नाही. मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत जाऊ शकतो, आणि पोटुशी बाईच्या पोटातल्या बाळाला तो धोक्याचा असतो. ताज्या विष्ठेतून तो लगेच लागत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजची घाण रोज काढण्याला इतकं महत्त्व. पण एकदा मातीत मुरला की महिनोन् महिने टिकतो. घरात कोणी गर्भार असेल तर मांजर हाकलायची गरज नाही. तिनं त्या दिवसांत वाफ्यात उघड्या हातानं काम करू नये आणि रेतीची सफाई दुसऱ्या कोणी करावी. सांबार, मुळा, कच्ची खायची कुठलीही पालेभाजी वाहत्या पाण्यात धुवावी. आणि मांजरीची घाण गांडूळखताच्या टाक्यात किंवा भाजीच्या खतात कधीही टाकू नये. मी लांब बांधाच्या निंबाखाली खोल पुरते. जंताचं औषध आणि रेबीजची लस यांसाठी जनावरांच्या दवाखान्यात विचारा. बैलाला नेतो तसं मांजरीलाही नेता येतं, त्यात लाजायचं काही नाही.

शेजारच्या काकूंचा आणि माझा एकदा या मांजरीवरून चांगलाच खटका उडाला होता. "तुह्या मांजरीनं माह्या मेथीचा सत्यानास केला," म्हणून त्या दारात आल्या. मी त्यांच्यासोबत जाऊन पाहिलं. उकरलेलं फार नव्हतं, पण कुडाच्या काठाची मेथी पिवळी पडली होती आणि कुडाला उभा ओघळ होता, उग्र वासाचा. मांजरी अशी उभ्यानं पिचकारी सहसा मारत नाहीत, ती बोक्याची रीत. गावातला मोठा भुरा बोका गोटीच्या मागं होता आणि जाता-येता सगळ्यांच्या कुडांवर आपली हद्द आखत होता. तेव्हा मांजरी माझ्या असल्या तरी बोका गावाचा होता, आणि त्याला आणणारं कारण माझ्या घरात होतं. चिमीची नसबंदी त्या आधी करून घेतली होती, गोटीची त्यानंतर केली. माजावर येणारी मांजर राहिली नाही की बोक्यांची गर्दी आपोआप हटते. मांजरी चार-सहा महिन्यांच्या वयातच गाभण राहू शकतात आणि दोन महिन्यांत वितात, त्यामुळं थांबण्यात अर्थ नसतो. कुडाचा तो भाग आम्ही दोघींनी धुऊन काढला आणि काकूंच्या मेथीच्या वाफ्याला मी माझ्याकडची बोराटी नेऊन दिली. आता त्यांच्याही आवारात न्हाणीमागं रेतीचं घमेलं आहे.

एक गोष्ट राहिली. रोपं उपटून शेतात किंवा मोठ्या वाफ्यात लावली की आपण निश्चिंत होतो, पण लावणीसाठी केलेला प्रत्येक खड्डा पुन्हा ताज्या मऊ मातीचा असतो. आवारातच लावणी करत असाल तर रोपाभोवती तीन तुऱ्हाट्या जवळ-जवळ रोवा आणि माती पायानं घट्ट दाबा. पंधरा दिवसांत पानं पसरतात, मग काड्या काढल्या तरी चालतं.

यंदाचे वाफे मी रोहिणीतच टाकणार आहे. रेती बदलून झाली, बोराटी तोडायची आहे. वांगी आणि मिरची जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावणीला येतील. ज्यांना पाहिजेत त्यांनी आधी सांगून ठेवा, आणि न्यायला येताना संध्याकाळी या, सोबत टोपलं आणि ओलं फडकं आणा.